शेऱ्याचा रकाना

मोहाडीच्या अलीकडे, कॅनॉलला लागून
आमची शेड. पिंजऱ्यांच्या तीन रांगा.
पहिलीला नुसतं गोळीखाद्य.
दुसरीला त्यात डाळिंबाच्या सालीची पूड,
सटाण्याहून पोत्यातून येते, हात पिवळे करते.
तिसरीला द्राक्षाचा चोथा,
किलोमागे शंभर ग्रॅम.

चोथा वायनरीतून फुकट मिळतो, भाडं तेवढं आपलं.
पत्र्यावर वाळत घातला की दोन दिवस
अंगणाला आंबूस वास,
आणि मधमाश्या खुळ्यासारख्या
तारेवरच्या ओल्या पदरांत घुसतात.

शेवाळे सरांनी वही आखून दिलीय:
खाल्लं किती, सांडलं किती, वाढलं किती.
माद्यांसाठी वेगळं पान. व्यायल्या कधी,
झाली किती, जगली किती.
आदल्या रात्री सशीण स्वतःच्या छातीचे केस
मुठीमुठीने उपटून पेटीत अंथरते,
खाली कातडी गुलाबी दिसते.
त्याला रकाना नाही.
मी ते पेनने समासात लिहायचे, मग सोडून दिलं.

गुरुवारी वजन.
भाजीवाल्याचा काटा, त्यावर परात, परातीत ससा.
तो बसतो, पण आकडा बसत नाही.
बाराशे चाळीस. बाराशे सत्तावन्न. बाराशे एकतीस.
त्याची धडधड वजा केली की
जे उरतं ते मी लिहिते.

पाचव्या आठवड्यात पहिली रांग
तिसरीच्या बरोबरीला आली.
सर फोनवर म्हणाले, काटा तपासा.
काटा तपासला. गूळ ठेवला, किलोचं माप ठेवलं.
काटा खरा होता.

मग एका संध्याकाळी दिसली यमुना भोये,
पेठकडून द्राक्षं खुडायला आलेली
आणि टोळी परतली तरी इथेच राहिलेली.
ओट्यात चोथा, मूठ जाळीला लावलेली,
पहिल्या रांगेत एकेकाच्या तोंडाशी.
‘यांना का उपाशी ठेवता?’
उपाशी नाहीत गं, साधं खातात.
‘तेच की.’

मी तिला शास्त्र सांगितलं.
एका रांगेला काहीच द्यायचं नसतं,
तेव्हाच कळतं दिल्याने काय होतं.
ती जाळीतून आलेलं एक नाक
बोटाने मागे सारत म्हणाली,
‘आणि कळून काय होतं?’

मी म्हटलं, चोथा खाणारे
आठ दिवस आधी दोन किलोचे होतात.
‘बरंय की मग.’
दोन किलोचा झाला की टेम्पो येतो, यमुना.

ती काही बोलली नाही.
ओटा झटकला. बिया खाली पडल्या,
त्या कोंबडीने टिपल्या.
नळावर जाऊन तिने बराच वेळ हात धुतले,
ते पीठ मळल्यावर धुतात तसे, बोटांच्या बेचक्यांतून.

दुसऱ्या दिवसापासून पहिली रांग साधं खाऊ लागली.
तिसऱ्या रांगेपुढे मात्र
यमुना चोथ्याचं माप भरताना
हाताने वर टेकाड ठेवत नाही,
काठाशी सपाट करते,
आणि मग अजून थोडं खाली.
मला दिसतं. मी पाठमोरी होऊन पाण्याच्या बाटल्या भरते.

ह्या गुरुवारी तिसऱ्या रांगेची वाढ
निम्म्याने कमी.
सरांचा फोन आला, काय झालं?
वहीत शेवटी अरुंद एक रकाना आहे, ‘शेरा’,
चार महिने कोराच.
त्यात मी लिहिलं: उकाडा.

खोटं नाही म्हणता येणार.
गोणपाटं दुपारी तीनदा भिजवावी लागतात,
सशांचे कान उजेडात शिरांसकट लाल दिसतात.
सत्तावीस नंबरचा मला बघून
मागच्या पायाने फळी आपटतो.
एक हजार आठशे नव्वद.